बाबांच्या प्रश्नाचं उत्तर

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, फोनवर तुम्ही विचारलंत, "किल्लारीसारखा धक्का बसला तर तुझी ती तार आपलं घर वाचवेल का?" फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

तार नायटिनॉलची. अणू मोजले तर निकेल आणि टायटॅनियम जवळपास निम्मे-निम्मे. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर या धातूवर काम करत होते. एका बैठकीत त्याची दुमडलेली पट्टी हातोहात फिरत असताना कुणीतरी तिला लायटर लावला आणि ती आपोआप उलगडली! थंड असताना सहा-आठ टक्के ताणलेली तारसुद्धा तापवली की मूळ लांबीवर येते, कारण उष्णतेनं आतल्या अणूंची मांडणीच बदलते.

अशी ताणलेली तार आम्ही कार्बन फायबरच्या, म्हणजे कार्बनच्या बारीक धाग्यांच्या थरांत ठेवून वर इपॉक्सी, म्हणजे नंतर घट्ट होणारा चिकट द्रव, भरतो. इपॉक्सी भट्टीत घट्ट होताना तार आखडू बघते, म्हणून तिची टोकं चौकटीत आवळून धरावी लागतात. पुढे तुकड्याला तडा गेला की तारेतून वीज सोडायची. तार तापते, आखडते आणि तड्याच्या कडा जवळ ओढते. आई, सैल बाजेची नवार ओढून घेतेस ना, तसं. सूक्ष्मदर्शकाखाली ती काळी रेघ बारीक होत जाते तेव्हा मला जेवणाची आठवण राहत नाही. अडतं ते तार आणि इपॉक्सीच्या जोडावर. तिथली पकड सुटली तर तार आतल्या आत सरकते, ओढ वाया जाते. माझं सगळं काम त्या जोडावरच चाललंय.

भूकंपासाठीही हा धातू वापरतात. 1997 च्या भूकंपानंतर इटलीत आसिसीच्या चर्चच्या दुरुस्तीत वापरला, सिएटलच्या एका पुलाच्या खांबांत त्याच्या सळ्या आहेत. तिथं तापवावं लागत नाही, जोर ओसरला की सळई आपली आपण सरळ होते.

पण बाबा, आपल्या घराला ही महागाची तार नको. 1993 मध्ये माणसं गेली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली, माळवदाच्या ओझ्याखाली. त्यावरचे उपाय साधे आहेत: दारं-खिडक्यांच्या वर सगळ्या भिंतींना बांधणारा काँक्रीटचा सलग पट्टा, भिंतीत आरपार जाणारे दगड, हलकं छप्पर. मागच्या जुन्या खोलीत यातलं काहीच नाही. तिथं झोपू नका, आजपासूनच. दिवाळीला येते तेव्हा इंजिनिअरला दाखवू. खर्चाचं मी बघते.

तुमची,
ताई