चौकटीतली खूण आणि 15 लाखांचं संरक्षण

संपादक महोदय,

गाडीच्या विम्याचं ऑनलाइन नूतनीकरण करताना एक बारीक अक्षरातली चौकट येते : 'माझ्याकडे 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आहे.' तिथे खूण केली की पॉलिसीतलं मालक-चालकाचं सक्तीचं अपघात संरक्षण वगळलं जातं आणि हप्ता काहीशे रुपयांनी उतरतो. म्हणून अनेक जण खूण करून मोकळे होतात. कधी एजंट मालकाला न विचारताच ती करतो. घरातल्या कमावत्या माणसाचं संरक्षण त्या एका खुणेने जातं.

मालक-चालकाच्या या सक्तीच्या संरक्षणाची रक्कम विमा नियामक आयआरडीएआयने 2018 मध्ये 15 लाख केली. त्याआधी ती दुचाकीला 1 लाख आणि चारचाकीला 2 लाख होती. 2019 पासून ते गाडीच्या पॉलिसीपासून वेगळंही घेता येतं. मृत्यू आणि कायमचं (पूर्ण व अंशतः) अपंगत्व यांसाठी किमान 15 लाखांची वैयक्तिक अपघात पॉलिसी आधीच चालू असेल, तर पुन्हा घ्यावं लागत नाही. एकाच्या नावावर तीन गाड्या असल्या तरी तीनदा पैसे भरायचे नाहीत. ही सवलत रास्तच आहे. पण टर्म विमा, मेडिक्लेम किंवा प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे 2 लाख यांच्या भरवशावर ती खूण करता येत नाही.

नव्या कारच्या बाबतीत घोळ दुसऱ्या वर्षी होतो. थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे इतरांना झालेल्या हानीचा, 3 वर्षांचा असतो, अपघात संरक्षण मात्र बहुधा 1 वर्षाचंच घेतलेलं असतं. पुढच्या वर्षी फक्त गाडीच्या नुकसानीचा विमा दुसऱ्या कंपनीकडे नेला की हे मधल्या मधे गळतं. पॉलिसीच्या पहिल्या पानावर 'पीए ओनर-ड्रायव्हर' (मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात) ही ओळ शोधा. समोर शून्य असेल, तर संरक्षण नाही.

सर्वांत मोठा गैरसमज 'चालक' या शब्दाचा. हे संरक्षण आरसीवर आणि पॉलिसीवर ज्याचं नाव आहे त्याचं, आणि त्याच्याकडे वैध परवाना असेल तरच. गाडी पतीच्या नावावर आणि रोज चालवते पत्नी, तर तिला यातून काही मिळत नाही. तिच्यासाठी स्वतंत्र अपघात पॉलिसीच हवी. कंपनीच्या नावावरच्या गाडीलाही हे लागू नाही. जुनी गाडी घेतल्यावर 14 दिवसांत पॉलिसी नावावर करायला अर्ज द्यावा लागतो. आधीच्या मालकाचं अपघात संरक्षण नव्या मालकाकडे येत नाही.

रक्कम कशी मिळते तेही पाहावं. मृत्यू, दोन्ही डोळे किंवा दोन अवयव गमावल्यास पूर्ण. एक डोळा किंवा एक अवयव गेल्यास निम्मी. हात मोडून तीन महिने काम बुडालं, तर काही नाही. दवाखान्याचं बिलही यात येत नाही. दारू पिऊन गाडी चालवली असेल तर दावा फेटाळला जातो. नॉमिनीचा रकाना कोरा असला की कुटुंबाला वारसाच्या दाखल्यासाठी खेटे घालावे लागतात.

सोबत बसणाऱ्यांचं काय? खासगी कारच्या निव्वळ थर्ड पार्टी पॉलिसीत त्यांची भरपाई सहसा धरलेली नसते. त्यांच्यासाठी आसनसंख्येनुसार 'अनामिक प्रवासी' (पॉलिसीत नाव न लिहिलेल्या प्रवाशांचं) संरक्षण मिळतं. पगारी ड्रायव्हर असेल, तर त्याच्याबद्दलच्या कायदेशीर दायित्वाचा हप्ता अगदी किरकोळ असतो. हे दोन्ही टाळू नयेत.

विमा नियामकाने त्या चौकटीखाली दुसऱ्या पॉलिसीचा क्रमांक आणि तिची मुदत भरणं सर्व कंपन्यांना बंधनकारक करावं. ते भरल्याशिवाय खूणच होऊ नये.

– एक विमा सल्लागार