पान १७७ पासून पुढे काय झालं?

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : कादंबरीत पान १७७ ते १९२ नाहीत, बदलून आलेल्या प्रतीतही तेच.

स. न. वि. वि.

शाळेच्या मधल्या सुट्टीत नाहीशा झालेल्या आठ वर्षांच्या मुलाची तुमची रहस्यकादंबरी मी १२ जूनला वेबसाइटवरून मागवली. चार दिवसांत बडोद्याला पोचली. बिलाची प्रत सोबत आहे.

सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी महिनाभर वाचन बंद सांगितलेलं. म्हणून रात्रीची जेवणं आटोपली की मी मोठ्याने वाचायची. दहाव्या रात्री पान १७६ आलं. फौजदार शाळेमागच्या बोळात उभा, गटाराच्या जाळीत अडकलेली डब्याची पिशवी त्याने काठीने वर ओढलेली. ‘पिशवीत डबा नव्हता. होतं ते’ इथे पान संपलं. उलटलं आणि वाचत सुटले. अर्ध्या पानानंतर सासूबाई म्हणाल्या, “अगं, हा दूधवाला काल येऊन गेला ना?” बघते तर पान १६१! तिथून १७६ पर्यंत सगळं पुन्हा, आणि मग एकदम १९३. तिथे फौजदार रजेवर, मुलाच्या मामाच्या हाताला बँडेज. कशाने लागलं, कधी लागलं, आम्हाला कसं कळावं?

माझे वडील बाइंडर होते. शाळेच्या सुट्टीत मी त्यांच्यासोबत फर्मे, म्हणजे छापील कागदांच्या घड्या, क्रमाने लावलेत. सोळा पानांचा फर्मा. तुमच्याकडे अकरावा दोनदा लागला आणि बारावा राहिला. माणसाचा हात चुकतो, मान्य. पण प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर काळी खूण पायरीपायरीने उतरत छापतात ती कशासाठी? शिवणीआधी गठ्ठ्याकडे नुसती नजर टाकली तरी तुटलेली पायरी दिसते. ती नजर कोणी टाकलीच नाही.

२७ जूनला फोटोंसह तक्रार केली. ८ जुलैला दुसरी प्रत आली. सासूबाईंना न सांगता आधी पानं मोजली. तोच घोळ! म्हणजे अख्खा लॉट तसाच आहे आणि तो अजून विकला जातोय.

मग फोन केला. तुमच्याकडची मुलगी गोड बोलली. पैसे परत देते म्हणाली, वर पुढच्या खरेदीवर सूट. मी नको म्हटलं, तर समजूत घालायला म्हणाली, “मॅडम, काळजी नका करू, मुलगा सापडतो शेवटी.” फोन स्पीकरवर होता. सासूबाई शेजारीच शेंगा सोलत होत्या. त्यांनी हातातली शेंग ताटलीत ठेवली आणि उठून आत गेल्या. त्या मुलीला रागावू नका, पण रहस्यकादंबऱ्या विकणाऱ्यांनी फोनवर शेवट सांगू नये एवढं तरी शिकवा.

इथे मराठी पुस्तक कोपऱ्यावरच्या दुकानात बदलून मिळत नाही. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीतही, सयाजीरावांनी १९१० साली सुरू केलेल्या, जाऊन आले; तुमचं पुस्तक नवं, तिथे अजून आलेलं नाही.

तेव्हा पैसे नकोत, कूपन नको. बारावा फर्मा पाठवा. सुटा पाठवलात तरी चालेल, वडिलांचं दाभण अजून घरात आहे, मी शिवून घेईन. आणि उरलेल्या प्रती तपासल्याशिवाय विकू नका.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. महिना २७ जुलैला संपला. आठ दिवसांत फर्मा आला नाही तर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर नोंदवीन, मग इथल्याच जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या कायद्याने राहत्या गावी तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. तुमचं पुस्तक साडेतीनशेचं आहे.

कळावे,
आपली ग्राहक
(नाव-पत्ता ऑर्डरप्रमाणे)
बडोदा, ४ ऑगस्ट

ता. क. : पिशवीत चिठ्ठी असणार असं मी म्हटलं. सासूबाई शाळेत मराठी शिकवायच्या, म्हणाल्या, “‘होतं’ लिहिलंय. चिठ्ठी असती तर ‘होती’ असतं. घड्याळ आहे, मामाचं.” मग मी ‘चिठ्ठी’वरून ‘पत्रा’वर आले. हरणारीने लीलो चेवडो, इथला ओलसर चिवडा, आणायचा ठरलंय.