डावा हात मागे ठेव

चि. मनू,
अनेक आशीर्वाद. काल फोनवर तू "चार टाके पडलेत बाबा, विशेष काही नाही" म्हणालीस आणि लगेच लिनोच्या तुकड्यावर कोरून छापायच्या त्या खंड्या पक्ष्याचं सांगायला लागलीस, मी पण हो हो करत बसलो, कुठला हात ते विचारायचंच राहिलं. डावाच असणार. उजव्यात कोरायचं टूल म्हणजे डावा पुढे. अगं टूलच्या पुढे हात कशाला ठेवायचा... जाऊ दे, हाताबद्दल लिहायचं नाही असं ठरवूनच बसलोय.

स्केच मोबाइलवर मोठं करून बघितलं. त्यात तो डावीकडे बघतोय, लिनोवर उलटा ट्रेस केलास ना, नाहीतर छापात उजवीकडे बघेल. गळ्याचा पांढरा म्हणजे कोरा कागद, तो आधी कोरायचा, ते तुला माहीतच आहे. मी अडलो लाल चोचीपाशी. निळ्यावर लाल छापलास तर मातकट होणार. पण चोच आणि पाठ यांच्या मधे डोकं आणि पांढरा गळा आहे ना, मग दोन छोटे रोलर घे, एकाच छापात चोचीला लाल आणि पाठीला फिका निळा लाव, डोक्यावर थोडे मिसळले तरी वरून चॉकलेटी झाकणारच आहे. मग चोच कोरून टाक म्हणजे ती लालच राहील, पुढे गडद निळा, चॉकलेटी, शेवटी पंखांची टोकं आणि डोळा काळा. चार छाप, आणि लिनो एकच, कोरलेलं परत येत नाही, म्हणून दहा प्रती हव्या असतील तर पहिल्या रंगाचे पंधरा कागद काढ, चार-पाच रजिस्टरमध्ये, म्हणजे रंगावर रंग नेमका बसवताना, वाया जातातच.

आपल्या प्रेसमधल्या ट्रेडल छपाई मशीनवर लग्नपत्रिकेचा गणपती लाल आणि मजकूर निळा असायचा, कागद केसभर सरकला की आजोबा अख्खा गठ्ठा बाजूला काढायचे. लग्नसराईत रात्र रात्र मशीन चालायचं. त्या रात्री कागद मी लावत होतो, चहाला उठलो म्हणून दत्तूकाका बसला. तू लहानपणी त्याची बोटं मोजायचीस, साडेनऊ म्हणायचीस, सगळे हसायचे, काका पण. मला कधी हसता आलं नाही गं.

म्हणून सांगतो. थंडीत लिनो कडक होतो, टूल अडकतं, जोर लावला की सटकतं. सकाळी दहा मिनिटं उन्हात ठेव, कसा मऊ कापला जातो बघ. टूल चामड्यावर घासत जा, बोथट टूलच जास्त लागतं. बेंच हुक, म्हणजे टेबलाच्या कडेला अडकणारी ती फळी, लाव म्हणजे लिनो अडवायला हात पुढे लागणार नाही, आणि वळण आलं की हात नाही, लिनो फिरव. आणि रात्री दोन-दोन वाजेपर्यंत कोरत बसू नकोस, डोळ्यावर झोप असताना तर मुळीच नाही, किती वेळा

बघ, लेक्चर झालंच. सॉरी. तू तिसऱ्या वर्षाला आहेस, तुझे सर सांगत असतीलच.

प्रेसमध्ये टेबलामागे नंदलाल बोसांचा तो काठीवाला गांधी होता, १९३० चं लिनोकट, मासिकातून कापून चिकटवलेला. आजोबा म्हणायचे एका काळ्यात माणूस चालतोय बघ. आमच्या हातून पत्रिका आणि पावतीपुस्तकंच छापून झाली. आता तू पाच रंगांत खंड्या उभा करतेयस, शेजारच्या वैद्यांना मी दोनदा सांगितलं, आई म्हणते पुरे आता.

काकाला अजून सांगितलेलं नाही.

पैसे टाकलेत, त्यातून बेंच हुक घे, कागद नंतर. पहिला रंग पूर्ण वाळू दे, घाई करू नकोस, छाप निघाला की फोटो पाठव. पण त्याआधी हाताचा पाठव, पट्टी काढल्यावर, दोन्ही बाजूंनी, आणि मूठ वळलेली असताना एक.

तुझा,
बाबा