जासूदाच्या गुडघ्याबद्दल आभार

प्रिय ताई,

तुम्हाला कदाचित आठवणारही नाही, पण मला तो प्रश्न अजून ऐकू येतो. माझ्या गोष्टीतली जासूद, म्हणजे निरोप पोहोचवणारी, मुलगी तुम्हाला चित्रात दाखवली होती. कमरेपर्यंत माणूस, खाली हरीण. सोबत तिच्यासाठी जमवलेल्या चित्रांचं फोल्डर, तब्बल नऊशे चित्रं. तुम्ही बराच वेळ नुसती चाळत राहिलात आणि मग विचारलंत, "हिचा गुडघा कुठे आहे?"

मी मागे वळणाऱ्या सांध्यावर बोट ठेवलं.

"ती टाच."

हरणाचा खरा गुडघा वर, पोटालगत कातडीत दडलेला असतो आणि खूर म्हणजे त्याची नखं, हे तुम्ही कागदाच्या कोपऱ्यात चार रेघांत दाखवलंत. म्हणजे माझी जासूद जन्मभर नखांवर चालत आली होती आणि मला, तिच्या निर्मात्याला, पत्ता नव्हता! नऊशे चित्रांत ते कुठे सापडणार? ती सगळी दुसऱ्या चित्रकारांनी काढलेली. कित्येकांचा गुडघाही माझ्यासारखाच चुकलेला. संदर्भ कसले, मी उष्टं गोळा करत होतो.

मग तुम्ही सांगाड्याच्या आकृत्या बघायला लावल्यात, हरणांचे बाजूने काढलेले फोटो शोधायला लावलेत. धावण्यासाठी छायाचित्रकार मायब्रिजची १८७८ सालची धावत्या घोड्याची छायाचित्रं. तोवर चित्रकार भरधाव घोड्याचे पाय पुढे-मागे ताणून काढायचे. छायाचित्रांत दिसलं की चारही पाय जमिनीवरून सुटतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना. माझी जासूदही ताणलेल्या पायांनीच उडत होती, हे सांगायला नकोच. थैलीचा पट्टा धरलेला हात मात्र तुम्ही कुठेही शोधू दिला नाहीत. "स्वतःचा हात आहे ना?" काढला फोटो. शेहेचाळीस काढले, खरं तर.

तिच्या अंगरख्यावरून आपलं वाजलं, तेही लिहितोच. मला तो गडद जांभळा हवा होता. तुम्ही म्हणालात, एवढी गरीब मुलगी, हा रंग आणणार कुठून? पर्किन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८५६ मध्ये कृत्रिम जांभळा बनवला. त्याआधी राजेलोकांचा जांभळा समुद्री गोगलगायींपासून काढत, हजारो गोगलगायी मारून. माझ्या जगात तर समुद्रच नाही. मी दोन दिवस रुसलो होतो. आता तिचा अंगरखा मंजिष्ठेवर नीळ चढवून रंगवलेला आहे, जरा मळकट, कोपरांवर विटलेला. पहिल्यापेक्षा चांगला दिसतो, हे तेव्हा कबूल केलं नव्हतं.

मध्यरात्री उगवणारा पौर्णिमेचा चंद्रही तुम्हीच पकडलात; तो तर सूर्य मावळतानाच उगवतो. तिथे आता वद्य अष्टमी आहे. अर्ध्या चंद्राच्या उजेडात तिला वाट नीट दिसत नाही, म्हणून ती चुकते, आणि पुढचं अख्खं प्रकरण त्या चुकण्यातून सुचलं.

फोल्डरमध्ये आता चौसष्ट चित्रं उरलीत. तुम्ही सांगितल्याप्रमाणे प्रत्येकाखाली एक ओळ आहे: हे का ठेवलं आणि कुठून घेतलं. ज्याखाली ओळ सुचली नाही ते काढून टाकलं. त्यात माझी सर्वांत आवडती तीन गेली.

सोबत नवं चित्र पाठवतोय. जासूद धावतेय, चारही खूर नसले तरी दोन्ही हवेत आहेत. गुडघा अंगरख्याखाली झाकला गेलाय, पण तो कुठे आहे ते मला माहीत आहे.

तुमचा,
नऊशे चित्रंवाला