अभिप्रायार्थ सादर : वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी सेनगाव तालुक्यातला, चार एकर कोरडवाहूचा धनी. पोरगी बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर तिचं चौथं वर्ष निघायचं नाही.

इन्स्पेक्शनच्या आधी पोरींकडून फीडबॅकचे फॉर्म भरून घेतले. नाव टाकू नका, बिनधास्त लिहा म्हणाले. रोल नंबर तेवढा सक्तीचा. बाकीच्या शहाण्या, 'उत्कृष्ट'वर टिक करून मोकळ्या झाल्या. आमच्या येडीनं लिहिलं, 'वॉर्डात शिकवायला मॅडम येत नाहीत.' पुढच्या खेपेला इंटर्नल २५ पैकी २१ वरून १३ वर. मी वर तक्रार केली. वरच्या कार्यालयानं ती कुणाकडं धाडावी? त्याच कॉलेजकडं, 'अभिप्रायार्थ'! परवा पोरीला बोलावून माझ्या अक्षरातला अर्ज तिच्यासमोर टेबलावर ठेवला. काही बोलले नाहीत, नुसता ठेवला. त्या रात्री ती फोनवर रडली आणि मी हे पत्र लिहायला बसलो.

साहेब, तक्रार खोटी वाटत असेल तर ऐका. दोन वर्षं ही पोरगी रक्त घेताना आधी सुई बाहेर ओढायची आणि मग दंडाचा पट्टा सोडायची. पेशंटचा हात काळानिळा. हिला वाटायचं, म्हाताऱ्या माणसांच्या शिराच तसल्या. काम बघितल्याची मॅडमची सही घ्यायची वही असते; तिच्यात त्या कामापुढं दहा सह्या आहेत, मी मोजल्या. दहाही एकाच पेनच्या, परीक्षेच्या आदल्या आठवड्यातल्या. शेवटी रात्रपाळीला वॉर्डातल्या एका जुन्या सिस्टरनं बघितलं आणि जागच्या जागी तिचा हात धरला : "आधी पट्टा सोड गं बाई, मग सुई काढ." झालं. अर्धं मिनिट. त्या बाई कॉलेजच्या पगारावर नाहीत, आणि त्या रात्री त्यांच्या अंगावर चाळीस खाटा होत्या.

मी पेरणीला चाड्यावर मूठ धरायला शिकलो तेव्हा बाप तिफणीमागून चालायचा. दाणं दाट पडलं की पाठीत धपका, त्याच ओळीत. उगवल्यावर सांगून काय करता? पोरगी म्हणते, ह्यालाच त्यांच्या पुस्तकात फॉर्मेटिव्ह असेसमेंट म्हणतात. पुस्तकात सगळंच आहे. स्कॉटलंडातल्या डंडीत हार्डन नावाच्या डॉक्टरनं १९७५ साली स्टेशनवार प्रात्यक्षिक परीक्षा काढली, म्हणजे एकेका टेबलावर एकेक काम करून दाखवायचं; तीही आपल्याकडं आली. हिच्या कॉलेजात ती एका दुपारी उरकली. कुठल्या स्टेशनवर काय चुकलं, ते आजतागायत कुणी सांगितलेलं नाही.

नर्सिंग कौन्सिलचा नियम दहा विद्यार्थ्यांमागं एक शिक्षक. वर्गात साठ जणी, म्हणजे सहा पाहिजेत. वॉर्डाच्या वाट्याला दोन, त्यातल्या एक बाळंतपणाच्या रजेवर. कागदावर सहाचे आठही असतील; इन्स्पेक्शनच्या दिवशी कितीतरी नवे चेहरे आले, चहा पिऊन गेले. ह्याच शिक्षणाच्या फीपायी मी दुभती म्हैस विकली आणि सोयाबीन हमीभावाच्या खाली घातलं. बायको अजून त्या रिकाम्या दावणीकडं बघत नाही.

पण एकट्या कॉलेजला तरी काय बोलायचं? सगळा कारभारच सहीवर चाललाय. बांधावर पाय न ठेवता पिकाचा पंचनामा होतो, तसाच हा. १६ सप्टेंबर २०२३ ला संभाजीनगरात मंत्रिमंडळ बसलं आणि मराठवाड्याला पंचेचाळीस हजार कोटी जाहीर झाले. कुणी एकोणसाठ म्हणतं, आम्हाला दोन्ही सारखेच. पंधरा दिवस होतात न होतात तोच नांदेडच्या सरकारी दवाखान्यात २४ तासांत २४ जीव गेले, त्यातली १२ नुकती जन्मलेली. त्याआधी वॉर्डातल्या कुणी काही लिहून कळवलंच नसेल का? आणि कळवलं असेल तर तो कागद कुणाच्या अभिप्रायाला गेला?

मागणं दोनच. वहीत सहीबरोबर 'काय चुकलं' ही एक ओळ त्याच दिवशी लिहायला लावा. आणि पोरींची तक्रार जिच्यावर आहे तिच्याच हातात देऊ नका. १७ सप्टेंबरला झेंडावंदनाला मराठवाड्यात आलात तर एखाद्या वॉर्डात न कळवता डोकवा. वह्या बघू नका, पोरींचे हात बघा.

आपला,
एक पालक, जि. हिंगोली

ता. क. : हेही पत्र कॉलेजकडं अभिप्रायार्थ पाठवायचं असेल तर जुन्या अर्जाचा आवक क्रमांक टाका. फाईल त्यांच्या टेबलावरच आहे.