एका वेळी एकच डोळा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळांचे सत्र सुरू झाले की मुलांच्या आरोग्य तपासणीचा एक दिवस ठरतो. वजन, उंची, दात, डोळे हे सारे एका तासिकेत उरकते आणि कार्डावर डोळ्यांच्या रकान्यात ‘नॉर्मल’ लिहिले जाते. ते वाचून आईवडील वर्षभर निर्धास्त. आम्ही इंदूरमध्ये मुलांचे डोळे तपासण्याचेच काम करतो आणि त्या एका शब्दावर आमचा भरवसा नाही. शाळांच्या हेतूबद्दल शंका नाही, तपासण्याची रीत चुकते.

नजर मोजण्याचा तक्ता ६ मीटरवरून वाचायचा असतो. त्यावरची अक्षरे त्याच अंतराच्या हिशेबाने बेतलेली असतात. ६/६ ची ओळ म्हणजे निरोगी डोळ्याला ६ मीटरवरून वाचता येणारी, ६/९ ची त्याला ९ मीटरवरूनही वाचता येणारी. ६/६ च्या ओळीतले अक्षर जेमतेम पावणेनऊ मिलिमीटर उंच असते. हल्लीच्या दोन फुटी फरशा असतील तर सरळ १० फरशा मोजाव्यात, टेपसुद्धा लागत नाही. पण वर्गात बाक आडवे येतात आणि मूल ४ मीटरवर उभे केले जाते. तिथून ६/९ ची ओळ वाचणाऱ्या मुलाची नजर प्रत्यक्षात ४/९, म्हणजे ६/१३.५ भरते. ज्याला पुढे पाठवायला हवे होते तेच मूल पास होते. व्हरांडा हा वर्गापेक्षा चांगला. फक्त तक्त्यावर ऊन किंवा चकाकी नको.

एकेक डोळा झाकून तक्ता वाचून घ्यायचा असतो, त्या झाकण्यात याहून मोठी गफलत होते. मूल बोटांनी डोळा झाकते आणि फटीतून बघते. किंवा तळहात इतका दाबून धरते की नंतर तोच डोळा काही वेळ धूसर दिसतो. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचा तुकडा शिक्षकांनी स्वतः धरावा. मूल डोळे बारीक करून वाचत असेल तर तिथेच थांबवावे, कारण बारीक फटीतून कमजोर नजरेलाही एक-दोन ओळी जास्त दिसतात. शिवाय रांगेतल्या पाचव्या मुलाला तक्ता पाठ झालेला असतो, आणि उजव्या डोळ्याने वाचलेली ओळ डाव्या डोळ्याच्या वेळी न बघता म्हटली जाते. मुले लबाड नसतात, त्यांना फक्त पहिले यायचे असते. म्हणून दुसऱ्या डोळ्याला तीच ओळ उलट्या क्रमाने वाचायला लावावी, आणि बाकीची रांग दाराबाहेर ठेवावी.

दोन्ही डोळे उघडे ठेवून तक्ता वाचून घेणे म्हणजे तर निव्वळ सोपस्कार. एक डोळा उत्तम असेल तर मूल क्रिकेट खेळते, फळा वाचते, सायकल चालवते आणि तक्रार काही करत नाही. दुसऱ्या डोळ्याने कमी दिसते हे त्याला स्वतःलाच ठाऊक नसते, कारण त्याने याहून वेगळे कधी पाहिलेलेच नाही. दोन डोळ्यांच्या नंबरांत मोठा फरक असेल, डोळा तिरळा असेल, पापणी बुबुळावर उतरलेली असेल किंवा जन्मजात मोतीबिंदू असेल, तर मेंदू त्या डोळ्याकडून येणारे धूसर चित्र बाजूला सारतो आणि त्या डोळ्याची नजर घडतच नाही. याला आपण आळशी डोळा म्हणतो. नाव मात्र अन्यायाचे आहे, कारण दोष असतो घडणीचा. उपचाराला सर्वांत चांगली साथ सात-आठ वर्षांपर्यंत मिळते. बारा-तेराव्या वर्षीही काही मुलांत सुधारणा होते, पण कष्ट अधिक आणि खात्री कमी. मोठेपणी नुसता चष्मा बदलून ती नजर येत नाही.

उपचार महागडा नाही, चिकाटीचा आहे. आधी योग्य नंबरचा चष्मा पूर्ण वेळ. मग गरज असेल तर चांगल्या डोळ्यावर पट्टी, मध्यम कमजोरीला रोज २ तास, जास्त असेल तर ६ तासांपर्यंत. पट्टी थेट त्वचेवर चिकटवावी. चष्म्याच्या काचेवर कापड लावले की मूल वरून आणि बाजूने बघणारच. पट्टीच्या वेळात मणी ओवणे, चित्र रंगवणे, तांदूळ निवडणे असे बारीक काम द्यावे. दर ६ ते ८ आठवड्यांनी नजर मोजून घ्यावी. हे राहिले तर कधीकधी चांगला डोळाच मागे पडू लागतो.

तक्ता अगदी नीट वाचून घेतला तरी एक दोष त्याच्या हाती लागत नाही: प्लसचा नंबर, म्हणजे दूरदृष्टी. +३ किंवा +४ नंबर असलेले मूल शेवटची ओळसुद्धा वाचून दाखवते, कारण लहानपणी डोळ्यातले भिंग फुगवून नजर ओढून आणण्याची ताकद भरपूर असते. ही ओढाताण दुसरीकडे बाहेर पडते. गृहपाठाला बसले की डोके दुखते, वाचताना ओळ सुटते. दोन-तीन वर्षांच्या मुलाचा एक डोळा जवळचे बघताना आत वळतो. ‘मोठेपणी आपोआप सरळ होईल’ हे आजीचे म्हणणे इथे ऐकू नये.

हा लपलेला नंबर डोळ्याची ही ओढ सैल करणारे थेंब घालूनच सापडतो. चष्म्याच्या दुकानातल्या नंबर काढणाऱ्या यंत्रात फुग्याचे चित्र बघताना मूल नजर आवळते आणि डोळ्यात नसलेला मायनस, म्हणजे लांबचे धूसर दिसण्याचा नंबर, कागदावर छापून येतो. म्हणून मुलाचा पहिला चष्मा केवळ त्या कागदावरून करू नये. शाळकरी मुलांना साधारणपणे सायक्लोपेंटोलेटचा १ टक्क्याचा थेंब घालतात, पाच-दहा मिनिटांनी दुसरा, आणि पाऊण तासाने तपासतात. जवळचे दुसऱ्या दिवसापर्यंत अंधूक दिसते. अगदी लहान किंवा तिरळेपणा असलेल्या मुलांना अॅट्रोपिनचे मलम घरी लावायला देतात: तांदळाच्या दाण्याएवढे, दिवसातून दोनदा, ३ दिवस. तपासणीच्या सकाळी ते लावायचे नाही, नाहीतर डोळ्यात चिकटा राहतो. लावल्यावर नाकाजवळच्या कोपऱ्यावर मिनिटभर बोट दाबून धरावे, हात धुवावेत, ट्यूब मुलाच्या हाती लागू देऊ नये. चेहरा लाल झाला, अंग तापले, तोंड कोरडे पडले तर मलम थांबवून लगेच डॉक्टरांना विचारावे. बाहुली १० ते १४ दिवस मोठी राहते, उन्हाचा त्रास होतो, पुस्तक वाचता येत नाही. त्यामुळे सहामाहीच्या तोंडावर हे करू नये, दिवाळीची सुटी बरी. नंतर नंबर पक्का करायला पुन्हा बोलावतात, तो फेरा टाळू नये.

तपासणी शाळेच्या आधीपासून हवी. ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा डोळ्याचा पडदा ३० दिवसांच्या आत तपासलाच पाहिजे, फार नाजूक बाळांचा तर दोन-तीन आठवड्यांत. बाहेरून डोळा निर्मळ दिसतो, यात फसू नये. फ्लॅशच्या फोटोंत एक बाहुली वारंवार पांढरी दिसली तर त्याच आठवड्यात दाखवावे. मोतीबिंदू असू शकतो, डोळ्यातली गाठही असू शकते. पुढे पहिल्या वर्षात एकदा, तिसऱ्या वर्षी एकदा (अक्षरे यायची गरज नाही, चित्रे जुळवून नजर मोजता येते), पहिलीत जाण्यापूर्वी आणि मग दरवर्षी. चष्मा असेल तर दर सहा महिन्यांनी.

चष्म्याबद्दल एकच. ‘दोन वर्षे चालेल’ म्हणून मोठी फ्रेम घेऊ नका. ती नाकावरून घसरते आणि मूल काचेच्या वरून बघते. काचेचा मध्य बुबुळासमोर हवा. –४ च्या काचेत तो ५ मिलिमीटरने सरकला तरी डोळ्यावर ताण पडतो. काच पॉलिकार्बोनेटची, म्हणजे सहज न फुटणाऱ्या प्लास्टिकची घ्यावी. चष्म्याने नंबर वाढतो ही समजूत, आणि मुलीचा चष्मा लग्नाच्या विचाराने लांबवणे, या दोन्ही गोष्टी आजही सुशिक्षित घरांत दिसतात. मायनसचा नंबर वाढतो तो डोळ्याची लांबी वाढल्यामुळे. १ मिलिमीटरला सुमारे ३ नंबर. रोज दोनेक तास उघड्यावर खेळल्याने तो लागण्याचा धोका कमी होतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत जातात. इंदुरातली आपली बहुतेक मराठी मुले खासगी शाळांत, तिथे पथक पोहोचत नाही. गणेशोत्सवात आपली मंडळे ज्येष्ठांसाठी मोतीबिंदूची शिबिरे हौसेने घेतात. त्याच मांडवात एक सकाळ पाच ते दहा वर्षांच्या मुलांना द्यावी. थेंब तिथे घालू नयेत, चष्मे वाटू नयेत, नजर तेवढी मोजावी. लागते ते इतकेच: तक्ता, १० फरशांची मोकळी जागा, पुठ्ठा आणि शिकवून तयार केलेले दोन स्वयंसेवक. एखाद्या डोळ्याला ६/९ ची ओळ येत नसेल किंवा दोन डोळ्यांत दोन ओळींचा फरक असेल, तर मुलाला नेत्रतज्ज्ञांकडे पाठवावे. चिठ्ठीवर उजवा किती आणि डावा किती एवढे दोन आकडे छापील रकान्यांत लिहावेत. ‘नॉर्मल’ लिहायला त्यात जागाच ठेवू नये.

आपले,
मुलांचे डोळे तपासणारे काही नेत्रतज्ज्ञ व ऑप्टोमेट्रिस्ट, इंदूर