अख्खा मसूर: सोडा नको, टोमॅटो मागाहून

महोदय,

रविवारच्या पुरवणीत ‘झटपट अख्खा मसूर’ ही कृती आपण छापली आहे. मसूर रात्रभर भिजवावा, सकाळी कांदा, टोमॅटो, तिखट, मीठ आणि चिमूटभर सोडा घालून कुकरला पाच शिट्ट्या काढाव्यात, असे तीत म्हटले आहे. रात्रभर भिजवायचा तर झटपट कसला, हा प्रश्न बाजूला ठेवू. टोमॅटो आधी घातला म्हणून मसूर शिजायला कुरकुरतो, तो शिजावा म्हणून सोडा घालावा लागतो, आणि सोड्याने त्याचा गाळ होतो. टोमॅटो मागाहून घातला तर भिजवणही लागत नाही आणि सोडाही. संध्याकाळी सात वाजता ठरवले तर पाऊण तासात ताटात येणारा हा पदार्थ आहे.

कडधान्य शिजते म्हणजे दाण्याच्या सालीतले आणि आतल्या पेशींना बांधून ठेवणारे पेक्टिन उष्णतेने विरघळते. आंबट पाण्यात ते नीट विरघळत नाही. आपल्याकडे आमटीत चिंच किंवा आमसूल डाळ शिजून घोटल्यावरच पडते, ते काही उगाच नाही. टोमॅटोचेही तेच. मिठाला मात्र लोक विनाकारण घाबरतात. मिठाने मसूर कडक होत नाही, उलट साल मऊ व्हायला मदतच होते. शिजतानाच अर्धा चमचा मीठ घातले तर दाणा आतून अळणी लागत नाही. सोडा पेक्टिन भराभर तोडतो हे खरे. पण साली सुटून वर तरंगतात, चवीला साबणासारखी झाक येते आणि मसुरातले ब-1 जीवनसत्त्व बरेचसे नष्ट होते.

आता प्रमाण. चार माणसांना 200 ग्रॅम अख्खा मसूर पुरतो. तपकिरी सालीचा, सालीसकट असलेलाच घ्यावा. केशरी मसूर डाळ इथे चालत नाही, ती पंधरा मिनिटांत विरघळून वरण होते. मसुरात त्याच्याच रंगाचे बारीक खडे लपतात, म्हणून पांढऱ्या ताटलीत पसरून निवडावा आणि तीन पाण्यांनी धुवावा. कुकरमध्ये मसुराच्या अडीचपट पाणी, अर्धा चमचा मीठ, पाव चमचा हळद आणि चमचाभर तेल घालावे. तेल चवीसाठी नाही. मसुराला फेस फार येतो आणि तो शिट्टीच्या भोकात अडकतो, तेलाने तो बसतो. याच कारणासाठी कुकर अर्ध्याच्या वर भरू नये.

मोठ्या आचेवर पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करून सहा ते सात मिनिटे ठेवावा आणि बंद करावा. शिट्ट्या मोजण्यात अर्थ नाही. तीन लिटरचा कुकर आणि पाच लिटरचा कुकर, मोठा बर्नर आणि छोटा बर्नर, प्रत्येकाच्या पाच शिट्ट्या वेगळ्या. वाफ आपोआप जिरू द्यावी. घाईने शिट्टी उचलली की आतला दाब एकदम उतरतो, पाणी खळाखळा उसळते आणि दाणे फुटतात. कुकर नसेल तर पातेल्यात साडेतीनपट पाणी आणि झाकण ठेवून मध्यम आचेवर पंचवीस ते तीस मिनिटे लागतात. झाला की नाही हे पाहायचे तर एक दाणा अंगठा आणि बोटात दाबावा. तो सहज चपटा व्हावा, मधे पांढरा पिठूळ ठिपका दिसू नये आणि साल दाण्याला चिकटलेली असावी.

एवढे करूनही मसूर शिजला नाही तर दोष दोनांपैकी एकाचा असतो. पहिला जुन्या मालाचा. उष्ण, दमट जागी वर्षभर पडलेला मसूर कितीही उकळला तरी आतून टणक राहतो. दुकानात सुटा घेताना रंग फार काळपट आणि दाणा सुरकुतलेला दिसला तर घेऊ नये, पाकिटावर तारीख पाहावी. असा माल घरात असेल तर तेवढ्यापुरते तासभर गरम पाण्यात भिजवणे योग्य. दुसरा दोष पाण्याचा. बोअरच्या जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पेक्टिनला धरून ठेवतात. ज्या घरात चहाच्या पातेल्याला पांढरा थर धरतो, तिथे शिजवण्यापुरते आरओ फिल्टरचे पाणी घ्यावे, नाहीतर पाणी उकळून, निवळू देऊन वरचे घ्यावे.

कुकरची वाफ जिरेपर्यंत मसाला होतो. दोन मोठे चमचे किसलेले सुके खोबरे कोरडेच, फिकट बदामी रंगावर भाजावे. काळपट होऊ दिले तर रस्सा कडवट होतो, मग गूळ घालूनही तो लपत नाही. खोबरे, आठ-दहा लसूण पाकळ्या आणि इंचभर आले वाटून घ्यावे. कढईत तीन टेबलस्पून म्हणजे 45 मिली तेल तापवून जिरे तडतडवावे आणि 200 ग्रॅम बारीक चिरलेला कांदा मध्यम आचेवर आठ ते दहा मिनिटे परतावा. इथे घाई करणारे फसतात. कांद्याच्या कडा तांबूस व्हायच्या आत टोमॅटो पडला की त्याच्या पाण्याने आणि आंबटपणाने कांदा तिथेच थांबतो, आणि रश्श्यात कच्चट गोडसर चव राहते. कांदा झाला की वाटण दोन मिनिटे, मग दोन टोमॅटो बारीक चिरून, कडेने तेल सुटेपर्यंत.

आता गॅस अगदी बारीक. दोन चहाचे चमचे कांदा-लसूण मसाला आणि रंगापुरती एक चमचा मिरची पूड घालावी, वीस-तीस सेकंद परतून लगेच मसुराचेच दोन डाव गरम पाणी ओतावे. मोठ्या आचेवर मिरची पूड जळायला दहा सेकंदही पुरतात. रंग विटकरी होतो, ठसका उठतो आणि तर्री लाल येण्याऐवजी तपकिरी येते. मग मसूर पाण्यासकट घालून सात-आठ मिनिटे मंद उकळावे. उरलेले मीठ सगळ्यात शेवटी आणि चाखूनच घालावे, कारण कांदा-लसूण मसाल्यात मीठ असतेच, आणि प्रत्येक घरच्या डब्यात ते वेगळे असते. छापील कृतीतले ‘एक चमचा मीठ’ म्हणून धोक्याचे.

रस्सा दाट हवा असेल तर पीठ किंवा शेंगदाण्याचा कूट घालू नये. शिजलेला डावभर मसूर कढईच्या कडेला घोटून मिसळला की पुरते. उतरवताना तो हवा त्यापेक्षा थोडा पातळच ठेवावा, पाच मिनिटांत आपसूक आळतो. आपल्या कृतीत शेवटी साय आणि बटर सांगितले आहे. कराड, सांगली, कोल्हापूर भागातल्या ढाब्यांवर ज्या झणझणीत अख्ख्या मसुरासाठी लोक गाडी थांबवतात, त्याची जान तर्रीत आहे. साय घातली की तो दाल मखनीचा गरीब नातेवाईक होतो. वरून कोथिंबीर, सोबत चिरलेला कच्चा कांदा आणि लिंबाची फोड हवी. ज्वारीची भाकरी किंवा भात असला की जेवण पुरे. सुक्या मसुरात शंभर ग्रॅमला साधारण 24 ग्रॅम प्रथिने असतात, आणि धान्यात जे अमिनो आम्ल कमी ते मसुरात भरपूर असते.

ज्यांनी रविवारी ती कृती करून पाहिली आणि कढईत कडक मसूर घेऊन बसले, त्यांच्यासाठी एक उपाय आहे. तो दाट मसाला तसाच कुकरच्या तळाशी ओतू नये, खाली लागून करपतो. वाटीभर गरम पाणी मिसळून सगळे स्टीलच्या डब्यात घालावे, कुकरच्या तळाला दोन पेले पाणी ठेवून वर डबा झाकून ठेवावा आणि बारीक आचेवर पंधरा मिनिटे द्यावीत. बहुतेक वेळा निभावते.

रात्रभर भिजवणे चूक नाही, पण ते मोडाच्या उसळीसाठी. आठ-दहा तास पाण्यात, मग फडक्यात बांधून आणखी रात्रभर, आणि मोड आलेला मसूर झाकण ठेवून आठ-दहा मिनिटांत होतो. ती उसळ वेगळी, तिला कुकर लावू नये. पुरवणीतल्या कृतीत या दोन पदार्थांची सरमिसळ झालेली दिसते.

पुढच्या रविवारी दुरुस्ती छापणार असाल तर एवढे करावे: सोडा काढावा, टोमॅटो मसूर शिजल्यावर घालायला सांगावा, आणि शिट्ट्यांच्या जागी मिनिटे द्यावीत.

आपला,
एक वाचक, सांगली